अतिशीत साठवणीसाठी नमुने भरताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेशी, रक्तरस, ऊती, वीर्य किंवा जिवाणूंचे संवर्ध वर्षानुवर्षे टिकवायचे तर द्रव नायट्रोजनची टाकी लागते, हे आपण जाणताच. मात्र टाकी कितीही चांगली असली तरी नमुना सुरक्षित राहतो तो त्याच्या वेष्टनामुळे. व्हायल (नमुना भरायची झाकणाची छोटी नळी) फुटली, लेबल निघून आले, एका नमुन्यातले दुसऱ्यात गेले, तर कारण बहुतेक वेळा गोठवण्याआधीच्या कामात सापडते. म्हणून या पत्रकात टाकीविषयी थोडे आणि व्हायल, झाकण, लेबल यांविषयी जास्त लिहिले आहे.

द्रवात की वाफेत?

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. पाण्याच्या रेणूंची हालचाल जवळपास थांबते ती साधारण उणे १३५ अंशांखाली. त्याखाली बर्फाचे स्फटिक वाढत नाहीत आणि पेशींची झीजही जवळजवळ थांबते. जिवंत पेशी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये दीर्घकाळ ठेवू नयेत, त्याचे कारण हेच. द्रवावरच्या वाफेत, टाकी नीट भरलेली असेल तर, ही मर्यादा आरामात पाळली जाते. त्यामुळे स्क्रू झाकणाची व्हायल वापरणार असाल तर नमुने वाफेतच ठेवा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. द्रवात बुडवायचेच असेल तर पुढचा भाग लक्षपूर्वक वाचा.

झाकण कुठे दगा देते

व्हायल पॉलिप्रॉपिलीनची, वायसर सिलिकॉनचा. खोलीच्या तापमानाला दोघे एकमेकांवर घट्ट बसतात. पण अतिशीत तापमानाला वायसर कडक होतो, झाकण आणि नळी कमीजास्त आकसतात आणि आट्यांमध्ये केसाएवढी फट पडते. व्हायल द्रवात बुडालेली असेल तर त्या फटीतून नायट्रोजन हळूहळू आत झिरपतो. टाकीत असेपर्यंत काहीच कळत नाही. व्हायल बाहेर काढून कोमट पाण्यात धरली की आतला द्रव एकदम वायू होऊ लागतो. एक मिलिलिटर द्रव नायट्रोजनचा खोलीच्या तापमानाला जवळपास ७०० मिलिलिटर वायू होतो, आणि तो दोन मिलिलिटरच्या बंद नळीत अडकलेला असतो. फट पुरेशी असेल तर आट्यांतून फसफस आवाज येतो, पांढरी वाफ निघते. नसेल तर व्हायल हातात फुटते.

झाकण जोर लावून आवळल्याने हे टळत नाही. फार आवळले की वायसर मुडपतो आणि गळती वाढते. वायसर टेकल्याचे बोटांना जाणवले की थांबा. वरून पॅराफिनची पट्टी गुंडाळण्याची सवयही सोडा. ती या थंडीत ठिसूळ होऊन तडकते आणि नमुना सीलबंद आहे असा खोटा दिलासा देते.

द्रवात ठेवायच्या व्हायलसाठी खरा उपाय म्हणजे बाहेरून प्लास्टिकची क्रायो-नळी चढवून तिची दोन्ही टोके उष्णतेने बंद करणे. टोक बंद केल्यावर जोडाची रेघ उजेडात धरून पाहा. ती सलग, एकसारखी पारदर्शक दिसली पाहिजे. मधे दुधाळ ठिपका किंवा सुरकुती असेल तर ते टोक कापून पुन्हा बंद करा. शंका आल्यास बंद नळी अर्धा तास थंड रंगीत पाण्यात बुडवून ठेवा. आत रंग दिसला तर सील फुटलेले आहे.

गळतीचा धोका एका व्हायलपुरता नसतो. गळक्या पिशवीतून हिपॅटायटिस बी चा विषाणू टाकीतल्या द्रवात उतरला आणि त्याच टाकीतल्या इतर पिशव्यांमार्फत रुग्णांपर्यंत पोहोचला, अशी नोंद १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली होती. संसर्गाची शंका असलेला नमुना म्हणूनच वेगळ्या टाकीत आणि वाफेत ठेवावा.

भरणे

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. दोन मिलिलिटरच्या व्हायलमध्ये १.८ मिलिलिटरच्या वर जाऊ नका. शक्य असेल तिथे एक मिलिलिटरचे भाग करा, कारण एकदा वितळवलेला नमुना पुन्हा गोठवला की त्याचा दर्जा घसरतो. भरताना थेंब आट्यांवर सांडला तर निर्जंतुक कापसाने टिपून मगच झाकण लावा. तो थेंब गोठला की झाकण नीट बसत नाही.

पिशवीत साठवणार असाल तर साधी पीव्हीसीची रक्तपिशवी चालत नाही, ती ठिसूळ होऊन तडकते. ईव्हीएची (थंडीतही लवचिक राहणाऱ्या प्लास्टिकची) पिशवी घ्या, आतली हवा काढा, बाहेरून दुसरे सीलबंद आवरण घाला आणि ती धातूच्या सपाट डब्यात ठेवा. डब्यामुळे पिशवी पातळ आणि एकसारख्या जाडीची गोठते.

लेबल

कागदी लेबल आणि साधे मार्कर पेन नकोच. क्रायो-लेबल (अतिशीत तापमानासाठी बनवलेले लेबल) घ्या, छपाई रेझिन रिबनची (लेबल छापण्याच्या यंत्रातली टिकाऊ शाईची फीत). पेशी मिनिटाला एक अंश या वेगाने थंड करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा डबा सर्रास वापरतात, आणि तेच अल्कोहोल सांडले की पेनाची शाई धुऊन नेते. लेबल कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या व्हायलवर शक्यतो आदल्या दिवशीच लावा, म्हणजे गोंद पक्का धरतो. लेबलचे एक टोक दुसऱ्या टोकावर थोडे चढू द्या. दव किंवा हिम धरलेल्या व्हायलवर कोणतेही लेबल टिकत नाही.

बाहेर काढताना

चेहऱ्यावर पूर्ण ढाल, हातात क्रायो-हातमोजे, खोलीत खेळती हवा आणि ऑक्सिजन मोजणारे यंत्र, यांत तडजोड नको. नायट्रोजनला वास नसतो, त्यामुळे खोलीतला ऑक्सिजन कमी झाल्याचे माणसाला कळत नाही. द्रवातली व्हायल थेट वितळवू नका. आधी ती वाफेत वर उचलून ठेवा, म्हणजे आत शिरलेला द्रव सावकाश निघून जाईल. शेजारचे नमुनेही जपा. एक व्हायल शोधण्यासाठी अख्खा रॅक बाहेर धरला तर सगळेच तापतात, म्हणून टाकी उघडण्याआधी नोंदवहीत जागा पाहून घ्या.

नमुने पाठवायचे असतील तर ड्राय आइसचे (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) तापमान उणे ७८.५ अंश असते, म्हणजे जिवंत पेशींसाठी ते अपुरे आहे. त्यांना ड्राय शिपर (द्रव नायट्रोजन शोषून ठेवणारे वाहतुकीचे भांडे) लागतो आणि तो प्रवासभर उभाच राहायला हवा. ड्राय आइस कधीही हवाबंद डब्यात भरू नका.

मागणी नोंदवताना आम्हाला चार गोष्टी सांगा : नमुना कोणता, किती मिलिलिटर, द्रवात ठेवणार की वाफेत, आणि किती वर्षे. त्यावरून व्हायल, लेबल आणि सील आम्ही सुचवू. मौल्यवान नमुने भरण्याआधी मात्र नमुन्याऐवजी पाणी भरलेल्या काही व्हायल आपल्याच टाकीत ठेवून, काढून, वितळवून पाहा.