आरोग्याधिकारी (बेळगाव महापालिका)

बेळगाव महापालिकेच्या आरोग्य विभागाचे प्रमुखपद. या खुर्चीवर सहसा राज्याच्या आरोग्य खात्यातून आलेले डॉक्टर बसतात, पण गल्लीत ‘आरोग्यवाले आले’ म्हटले की कोणी गोळ्या-औषधांची वाट बघत नाही. झाडू, कचरागाडी आणि फॉगिंगचा धूर आठवतो. लोकांचे काही चुकत नाही. मुंबई महापालिका केईएम, नायर, सायन अशी रुग्णालये चालवते. बेळगावात तसे नाही. जिल्हा रुग्णालय ‘बिम्स’ या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, तर शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि डिसेंबर २०२२ पासून सुरू झालेली ‘नम्म क्लिनिक’ राज्याच्या आरोग्य खात्याची. त्या बाजूला जिल्हा आरोग्याधिकारी वेगळे. नावे इतकी सारखी की अर्ज एकाचा, टेबल दुसऱ्याचे, हे नेहमीचेच.

पद कर्नाटक महापालिका कायदा १९७६ च्या चौकटीत, आयुक्तांच्या हाताखाली. खाली पर्यावरण अभियंते, आरोग्य निरीक्षक, मुकादम आणि पौरकार्मिक म्हणजे सफाई कामगार अशी उतरंड. शहराचे प्रभाग ५८. लोकनियुक्त बाजूने सार्वजनिक आरोग्य, शिक्षण व सामाजिक न्याय स्थायी समिती असते. तिची मुदत एकच वर्ष, त्यामुळे तुरमुरी कचरा डेपोचे रामायण दर वर्षी नव्या सदस्यांना पहिल्यापासून सांगावे लागते. कॅम्पचा भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असल्याने तिथे पालिकेचा झाडू चालत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी शहरात येते, पण चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरुवातीला फक्त दहा प्रभागांत झाला. बाकीच्यांनी बॅरल, हौद, पिंप भरून ठेवायचे. डेंग्यूचा एडिस डास याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून सर्वेक्षणाला आलेली बाई मोरीतल्या बॅरलवरचे झाकण काढते, टॉर्च मारते आणि वळवळणाऱ्या अळ्या घरच्यांना दाखवते. ‘ओता हे.’ घरची म्हणते, ‘आणि पाणी कधी येणार ते सांगा.’ या प्रश्नाचे उत्तर आरोग्य विभागाकडे नसते. नळ त्यांच्या हातात नाही. २०२४ मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग जाहीर करून अळ्या सापडल्यास दंडाची तरतूद केली. फॉगिंगने फक्त उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. तरी नगरसेवकांची मागणी धुराचीच असते, कारण तो दिसतो.

एरवी बळ्ळारी नाल्याचा गाळ, खासबागचा बाजार, आषाढात वडगावची मंगाई यात्रा, गणपतीत कपिलेश्वर तलावाचे निर्माल्य असे वर्ष जाते. विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबते आणि शेवटचा गणपती गेला की पौरकार्मिक रस्त्यावर उतरतात. मोकाट कुत्र्यांच्या तक्रारी बारमाही.

जन्म-मृत्यू नोंदणीही आरोग्य विभागातच. घटना एकवीस दिवसांत कळवायची. दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळतो, त्यामुळे मराठी घरातला जाणकार माणूस खिडकीतून हटण्याआधी आडनावाचे स्पेलिंग दोनदा वाचून घेतो.

टिळकवाडीतल्या झाडीच्या आवाराला आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात. मुंबई इलाख्याच्या काळात तिथे देवी रोगाची लस तयार होत असे.