मत होतं, सही नव्हती

मुंबई इलाख्यातल्या बायकांना विधिमंडळासाठी मत मिळालं 1921 साली. त्यासाठी रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी सभा घेतल्या, निवेदनं दिली. पण ते मत मालमत्तेच्या अटीवर होतं. जिच्या स्वतःच्या नावावर काही असेल तीच मतदार, आणि जमिनीच्या कागदावर बाईचं नाव क्वचितच असायचं. 1935 च्या कायद्यानं ही अट सैल केली. नवऱ्याची मालमत्ता किंवा बाईला लिहिता-वाचता येणं, यावरूनही तिला मत मिळू लागलं. सरसकट प्रौढ मताधिकार आला तो राज्यघटनेबरोबरच.

1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत नावाचीच अडचण उभी राहिली. मतदारयादी करणाऱ्यांना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरायला नकार दिला आणि सुमारे 28 लाख बायका यादीतून गळाल्या. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. सेन यांचा निर्णय कठोर होता, पण योग्यच होता असं आम्हाला वाटतं. त्यानंतरच नावं नोंदवली जाऊ लागली.

सत्तेचं काय? संविधान सभेत मुंबईच्या हंसा मेहता यांनी बायकांसाठी राखीव जागा नकोत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा, अशी भूमिका घेतली होती. समान हक्क मिळाले की जागा आपोआप मिळतील, हा त्या पिढीचा विश्वास होता. तो खरा ठरला नाही. 1957 साली बलवंतराय मेहता समितीनं पंचायतींवर दोन महिला ‘सहयोजित’ करायची शिफारस केली. सहयोजित म्हणजे निवडून आलेल्यांनी आपल्या पसंतीनं घेतलेली. अशी बाई बहुधा कारभाऱ्याच्याच घरातली असायची आणि तिला मतदारांपुढे जावं लागत नसल्यामुळे तिचा शब्द ठरावात उमटत नसे. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा 1974 चा अहवाल आला तेव्हा हे चित्र आकड्यांनिशी समोर आलं.

महाराष्ट्रात पहिला धक्का सरकारच्या बाहेरून बसला. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नाशिक जिल्ह्यात चांदवडला झालं. खेड्यापाड्यातून लाखोंच्या संख्येनं बायका आल्या आणि पंचायत राज्याच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, असं तिथं ठरलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा गावांत पूर्ण महिला पॅनेल उभी राहिली आणि निवडून आली. मग ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम आली, म्हणजे नवऱ्यानं आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा. 1921 साली जे मालमत्तेपाशी अडलं होतं, त्याच गाठीला यांनी हात घातला. या भागाकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी फारच कमी लक्ष दिलं आहे.

आरक्षणाचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. 1990 मध्ये राज्यानं स्थानिक संस्थांत 30 टक्के जागा राखल्या. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली, तिनं किमान एक तृतीयांश जागा आणि तितकीच अध्यक्षपदं बायकांना दिली. 2011 मध्ये महाराष्ट्रानं हे प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं.

खरी झुंज सुरू होते ती शपथेनंतर. ग्रामपंचायतीची सत्ता भाषणात नसते. ती नोटीस, अजेंडा, प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त, आणि चेक या चार कागदांत असते. ग्रामनिधीतून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या सह्या लागतात. पूर्वी कोऱ्या चेकबुकवर सरपंचबाईच्या सह्या एकदम घेऊन ठेवायचे. आता वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन वळता होतो, म्हणून डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा डोंगल असतो. बाईच्या नावाचा तो डोंगल नवऱ्याच्या खिशात किंवा कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड कागदावर लिहून त्यालाच चिकटवलेला. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुलीची नोटीस मात्र तिच्याच नावावर येते. म्हणून डोंगल स्वतःकडे ठेवायचा, पासवर्ड स्वतः बदलायचा, आणि सही करण्याआधी नमुना 5 म्हणजे रोकडवहीत ती रक्कम ठरावाच्या क्रमांकासह चढली आहे का ते पाहायचं. प्रोसिडिंगवरही सभा संपल्यावर शेवटच्या ओळीखाली रेघ मारून मगच सही करायची; मध्ये सोडलेल्या जागेत नंतर ठराव घुसवले जातात.

दुसरा सापळा बैठकीचा. मासिक सभा सबळ कारणाशिवाय बोलावली नाही तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. नोटीस तयार करतो ग्रामसेवक, पण तो टाळाटाळ करत राहिला तर अपात्रतेचा अर्ज बाईविरुद्ध पडतो. ग्रामसेवकाला तारीख लेखी कळवून पोच घेतलेली असली की तिचं पद वाचतं. अविश्वास ठरावाबाबत कायद्यानं थोडं संरक्षण दिलं होतं: सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा तेव्हा एरवी दोन तृतीयांश सदस्य पुरायचे, पण महिलांसाठी राखीव पदावरच्या सरपंचबाईला काढायला तीन चतुर्थांश लागायचे. मग विरोधक अपात्रतेच्या वाटेनं येतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना सरकारी जागेवरच्या घरात राहते या आरोपावरून काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झालेली गावाला पचली नाही, हेही स्पष्ट नोंदवलं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर अपात्र, हा नियमही असाच वापरला जातो. मूल किती व्हावं हे जिच्या हातात नसतं, पद मात्र तिचं जातं.

बायकांचं मत थेट सत्ता बनतं अशी एक जागा महाराष्ट्रात आहे, ती दारूबंदीची. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मात्र इथं झालेल्या मतांपैकी बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे घरी राहिलेली, ऊसतोडीला गेलेली किंवा मयत होऊन यादीत राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं मोजली जाते. अनेक गावं इथंच हरली. म्हणून यादी आधी साफ करून घ्यायची आणि तोडीला गेलेल्या टोळ्या परतल्यावरच मतदानाची तारीख मागायची.

महिला सभेचंही तसंच. ग्रामसभेआधी ती घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि तिथले ठराव ग्रामसभेपुढे ठेवावे लागतात. पण ती कागदोपत्रीच उरकली जाते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 10 टक्के महिला-बालकल्याणाचा खर्च कशावर करायचा, हा एकच विषय तिथं लेखी घेतला तरी सभेला बायका येतात, कारण पैसा ठरलेला असतो.

राखीव प्रभाग सोडतीनं फिरतात. पाच वर्षांत कारभार हातात येतो न येतो तोच प्रभाग खुला होतो, आणि खुल्या जागेवर तिला तिकीट देणारं पॅनेल क्वचितच मिळतं. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा दिल्या. त्यासाठी आधी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना व्हावी, असं कायद्यातच घातलं. राखीव मतदारसंघ तिथंही फिरणार आहेत, पण दर निवडणुकीला नव्हे, दर पुनर्रचनेनंतर. त्यामुळे निवडून आलेली आमदार त्याच मतदारसंघात पुन्हा उभी राहू शकेल. गावच्या सरपंचबाईला ही मुभा तीस वर्षांत मिळाली नाही.