उतारावरचं पुणं : पाणी, वीज आणि हवेची पार्श्वभूमी

पर्यावरणाच्या पुस्तकात पाण्याचा धडा वेगळा, ऊर्जेचा वेगळा, हवेचा वेगळा. पुण्यात मात्र हे तिन्ही धडे एकाच गोष्टीपाशी येऊन भिडतात, ती म्हणजे जमिनीचा उतार.

सुरुवात कात्रजपासून. 1749-50 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या ओढ्यावर तलाव बांधून त्याचं पाणी बंदिस्त दगडी नळातून शहरात आणायचं काम हाती घेतलं. काही ठिकाणी आत माणूस उतरून चालू शकेल एवढा तो नळ मोठा होता. वाटेत हवा खेळती राहावी आणि साफसफाईसाठी उतरता यावं म्हणून उच्छ्वास ठेवले होते. ना मोट, ना रहाट, पंपाचा तर प्रश्नच नाही. पाणी आपल्याच वजनाने पेठांपर्यंत यायचं आणि हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं आज बहुतेकांना फक्त पत्ता सांगताना आठवतात.

पुढे लष्कराची आणि शहराची तहान वाढली. इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याचं धरण बांधलं, ते 1879 मध्ये पुरं झालं. पाणी कालव्याने उताराउताराने यायचं, म्हणजे तत्त्व पेशव्यांचंच होतं. 12 जुलै 1961 ला वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. त्या दिवसांत जुने आड आणि हौदच कामी आले, असं पेठांतली म्हातारी माणसं सांगायची. आज टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा आहे.

पण शहर आता उतार सोडून टेकड्या चढू लागलं आहे. पाण्याला वर चढायचं तर वीज लागते. हजार लिटर पाणी 30 मीटर, म्हणजे साधारण दहा मजले चढवायला नुसत्या हिशेबाने 0.08 युनिट लागतं. पंपाची तूट धरली तर त्याच्या दुप्पट. शंभर फ्लॅटची सोसायटी दिवसाला पन्नास हजार लिटर वापरत असेल तर रोजचे आठेक युनिट गेले. आकडा छोटा वाटतो, पण शहरात अशा सोसायट्या किती आहेत ते मोजून बघा. शिवाय राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या टाकीचा धूर विदर्भात निघतो.

उताराची वीज शेजारीच आहे, पण तिची दिशा उलटी आहे. टाटांनी मुळशीत धरण बांधून सह्याद्रीच्या या बाजूचं पाणी कोकणात भिऱ्याला सोडलं. सुमारे 500 मीटर खाली कोसळणाऱ्या त्या पाण्यावर 1927 पासून वीज तयार होऊ लागली, ती मुंबईसाठी. एरवी मुळेतून पुण्याला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह पुकारला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. जलविद्युत म्हणजे स्वच्छ ऊर्जा, असं आज सहज लिहून जातात. ते वाचताना मला नेहमी मुळशी आठवते.

वापरलेलं पाणीही उतारानेच जातं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि ती खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्याची मोजणी म्हणजे बीओडी. आंघोळीयोग्य नदीत तो लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा निकष आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते, आणि उन्हाळ्यात मुळा-मुठेचं पात्र दुरून क्रिकेटच्या मैदानासारखं हिरवंगार दिसतं. पुढे ही नदी भीमेला मिळते, भीमा उजनीत येते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. पाणी प्रदूषणाचा कायदा 1974 चा, हवेचा 1981 चा. महाराष्ट्राने तर केंद्राआधीच, 1969 मध्ये, स्वतःचा पाण्याचा कायदा केला होता. नदीकाठी उभं राहिलं की हे खरं वाटत नाही.

हवेचंही तसंच आहे. हिवाळ्यात रात्री टेकड्यांवरची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून नदीखोऱ्यात घरंगळते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर, धूळ, गाड्यांचं काजळ कोंडून राहतं. डिसेंबरात पहाटे सिंहगड चढणाऱ्यांनी शहरावरचा तो करडा पट्टा पाहिला असेल. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ यंत्रणा हीच हवा मोजते. दिवसभराच्या सरासरीत पीएम 2.5, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवं. सूर्य वर आला की जमीन तापते आणि झाकण हळूहळू उचलतं. तोवर शाळा-ऑफिसांची गर्दी सिग्नलला उभी राहून, तीच हवा छातीत भरून, पुढे गेलेली असते.