मैदान मारणं आणि मोहीम फत्ते होणं: अँटीटम नक्की कोणी जिंकलं?

अमेरिकेच्या यादवी युद्धात एकीकडे लिंकनच्या सरकारची उत्तर होती, दुसरीकडे फुटून निघालेली गुलामधारी राज्यं, म्हणजे दक्षिण. त्यातल्या अँटीटमच्या लढाईचा निकाल कुठे ‘अनिर्णित’ म्हणून छापलेला असतो, कुठे ‘उत्तरेचा विजय’ म्हणून. दक्षिणेच्या जनरल लीचा चाहता असेल तर तो तिसरंच सांगतो: जवळपास निम्म्या फौजेनिशी ज्याने दिवसभर शत्रूला थोपवून धरलं, तो हरला कसा म्हणायचा? खोटं तिघांपैकी कोणीच बोलत नाही. गोंधळ होतो तो दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे. त्या दिवशी त्या शेतांमध्ये कोणाची सरशी झाली, हा एक प्रश्न. ज्या कामासाठी फौज तिथवर आली होती ते काम कोणाचं झालं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर म्हणजे मैदानावरचा विजय, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे मोहिमेतला विजय. बऱ्याचदा दोन्ही एकाच पारड्यात पडतात आणि मग वाद होत नाही. अँटीटमला ते वेगळे पडले.

आधी मैदान पाहू. १७ सप्टेंबर १८६२, मेरीलँडमधल्या शार्प्सबर्ग गावाबाहेरची, अँटीटम ओढ्याकाठची शेतं. पहाटे मक्याच्या एका उभ्या पिकात लढाईला तोंड फुटलं आणि सकाळभर ते शेत या हातातून त्या हातात जात राहिलं. टेक्ससची पहिली पलटण त्यात शिरली, तेव्हा दर दहा जणांतले आठ मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. मग लढाई मधल्या खोलगट गाडीरस्त्यावर सरकली. तो रस्ता प्रेतांनी इतका भरला की आजही त्याला ‘रक्ताची गल्ली’ म्हणतात. दुपारच्या सुमारास दक्षिण टोकाला जेमतेम बारा फूट रुंदीच्या दगडी पुलावर जॉर्जियाच्या चार-पाचशे बंदूकधाऱ्यांनी उत्तरेच्या जनरल बर्नसाइडच्या हजारोंच्या तुकडीला सुमारे तीन तास अडवलं. पूल अखेर पडला, उत्तरेचे लोक गावाच्या वेशीपर्यंत आले आणि नेमक्या त्याच वेळी दक्षिणेच्या ए. पी. हिलची डिव्हिजन हार्पर्स फेरीहून सतरा मैल पायपीट करून पोचली. तिने तो रेटा मागे लोटला.

संध्याकाळी दोन्ही फौजा साधारण सकाळच्याच जागी होत्या. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा २२,७०० च्या आसपास जातो. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतका रक्तपात दुसऱ्या कुठल्याच लढाईत झालेला नाही. त्यातले उत्तरेचे सुमारे १२,४००, दक्षिणेचे त्याहून काहीसे कमी, पण लीच्या लहान फौजेचा तो पाव हिस्सा होता. १८ तारखेला ली दिवसभर जागेवर उभा राहिला. उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन, त्याने हल्ला केला नाही. रात्री ली पोटोमॅक नदी ओलांडून व्हर्जिनियात परतला.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर मी बरोबरी म्हणेन, आणि कौशल्याचं माप थोडं लीच्या पदरात टाकेन. शेवटी मैदान ज्याच्या ताब्यात राहिलं तो जिंकला, या जुन्या नियमाने उत्तर जिंकली असं म्हणता येतं. पण ली हाकलला गेला नव्हता, तो एक दिवस थांबून गेला. त्यामुळे तो नियम इथे फारसा कामाचा नाही.

आता मोहीम. ली सप्टेंबरच्या सुरुवातीला मेरीलँडमध्ये शिरला तो उगाच नाही. ऐन सुगीत युद्धाचा भार व्हर्जिनियाच्या शेतांवरून उचलायचा, मेरीलँडमधून माणसं मिळवायची, नोव्हेंबरच्या निवडणुकांआधी उत्तरेच्या मतदारांचा धीर खचवायचा, आणि लंडन-पॅरिसच्या दरबारात दक्षिणेची पत वाढवायची, असे त्याचे हेतू होते. मेरीलँडची माणसं फारशी आलीच नाहीत. त्यात १३ सप्टेंबरला लीचा गुप्त हुकूम तीन सिगारांभोवती गुंडाळलेला असा उत्तरेच्या शिपायांना सापडला आणि त्याच्या विखुरलेल्या फौजेचा नकाशाच मॅक्लेलनच्या हाती आला. हार्पर्स फेरीला बारा हजारांवर कैदी पकडण्याचं यश सोडलं, तर दोन आठवड्यांत ली मोकळ्या हातांनी नदीपलीकडे गेला होता. मोहीम फसली, आणि ती अँटीटमलाच फसली.

याच्या पुढचा परिणाम आणखी मोठा आहे. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लिंकनने जुलैतच मंत्रिमंडळासमोर ठेवला होता. परराष्ट्रमंत्री सिवर्डने सुचवलं की रणांगणावर काही यश मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ही हताशेतली आरोळी वाटेल. लिंकन थांबला. लढाईनंतर पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, त्याने जाहीर केलं की बंडखोर राज्यं परतली नाहीत तर १ जानेवारी १८६३ पासून तिथले गुलाम मुक्त असतील. मध्यस्थीचा विचार करणाऱ्या ब्रिटिश मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये तो विषय बाजूला सारला. बरोबरीत सुटलेल्या लढाईने युद्धाचा हेतूच बदलून टाकला. मराठी वाचकाला हा धागा परका वाटू नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी ज्या मुक्तीला मानाचा मुजरा केला, तिची घोषणा या शार्प्सबर्गच्या शेतांनंतर झाली होती.

उलटं उदाहरण बरोबर एका वर्षाने घडलं. सप्टेंबर १८६३, जॉर्जियातलं चिकामॉगा. इथे मैदान कोणी मारलं यावर दुमत नाही. २० तारखेला उत्तरेचा सेनापती रोझक्रॅन्स याच्या एका चुकीच्या हुकमामुळे उत्तरेच्या फळीतून एक अख्खी डिव्हिजन बाहेर काढली गेली आणि त्याच खिंडारातून दक्षिणेच्या लाँगस्ट्रीटची फौज आत घुसली. खुद्द रोझक्रॅन्स चॅटानूगाला पळाला. त्याचा सहकारी जनरल थॉमस संध्याकाळपर्यंत टेकडी धरून उभा राहिला म्हणून बाकी फौज वाचली. पश्चिम आघाडीवर दक्षिणेला इतका ठसठशीत विजय दुसरा मिळाला नाही.

पण दक्षिणेचा इथला सेनापती ब्रॅग, त्याला हवं काय होतं? चॅटानूगा, म्हणजे रेल्वेचं ते नाक्याचं गाव. ते उत्तरेकडेच राहिलं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून ब्रॅगची १८,००० हून जास्त माणसं पडली होती, शत्रूपेक्षाही जास्त. त्याने पाठलाग केला नाही, वेढा घातला. वेढ्यामुळे उत्तर जागी झाली: जनरल ग्रँट आला, रसद सुरू झाली, आणि २५ नोव्हेंबरला गावाजवळच्या मिशनरी रिज या डोंगरकण्यावरून ब्रॅगची फौज उधळली गेली. पुढच्या सप्टेंबरात उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटात होता, तो याच वाटेने. दक्षिणेने मैदान मारलं, मोहीम घालवली.

माणसं मोजून निकाल लावायचा मोह इथे सोडावा लागतो. चिकामॉगाला जिंकणाऱ्याचीच माणसं जास्त पडली. याहून बोलकं उदाहरण व्हर्जिनियातल्या एका जंगलाचं आहे. मे १८६३ मध्ये चान्सेलर्सव्हिलला उत्तरेचा सेनापती हूकर याचं मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १७,००० माणसांचं नुकसान झालं आणि तो रॅपहॅनॉक नदी ओलांडून मागे गेला. लीचा तो सर्वांत देखणा विजय मानतात, जरी त्यात त्याने आपला जनरल स्टोनवॉल जॅक्सन गमावला. बरोबर वर्षाने, मे १८६४ मध्ये, त्याच परिसरात विल्डरनेसची लढाई झाली. झुडपं इतकी दाट की समोरचा शत्रू आवाजावरून ओळखायचा. गेल्या वर्षीच्या मढ्यांची हाडं पायाखाली येत होती. बंदुकांच्या ठिणग्यांनी रान पेटलं आणि हलता न येणारे जखमी जागीच जळाले. उत्तरेचं नुकसान पुन्हा साडेसतरा हजारांच्या आसपास, लीचं सुमारे अकरा हजार. आकड्यांवर बोट ठेवलं तर गेल्या वर्षीचाच पराभव पुन्हा झालेला दिसतो.

आता उत्तरेची सूत्रं ग्रँटकडे होती. ७ मेच्या रात्री फौज निघाली तेव्हा शिपायांना वाटलं, नेहमीप्रमाणे माघार. ब्रॉक रोड आणि प्लँक रोडच्या चौफुलीवर कळलं की वळण दक्षिणेचं आहे, स्पॉट्सिल्व्हेनियाकडे. दमलेल्या, सोबती गमावलेल्या पलटणींनी ग्रँटला पाहून इतका जल्लोष केला की शत्रूला ऐकू जाईल म्हणून त्यांना गप्प करावं लागलं. हूकर आणि ग्रँट दोघांनीही जवळपास तेवढीच माणसं गमावली. एक नदीपलीकडे गेला, दुसऱ्याने लीला पुढे सोडलंच नाही. मैदानावर विल्डरनेस ही फार तर बरोबरी. मोहीम मात्र त्या चौफुलीपासून ग्रँटच्या हातात आली.

मोहिमेचा विजय ठरवताना एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. शेवटी युद्ध उत्तरेने जिंकलं. तो निकाल मागे नेऊन चिकटवत बसलं तर उत्तरेचा प्रत्येक पराभवही ‘दूरदृष्टीने विजय’ ठरवता येईल, आणि मग या शब्दाला अर्थच उरणार नाही. म्हणून चौकशी त्या मोहिमेपुरती ठेवावी: दोघे काय साधायला आले होते, आणि लढाईनंतरच्या काही आठवड्यांत त्यातलं काय करता आलं. या कसोटीवर स्टोन्स रिव्हरसारखी लढाईही सुटते. ३१ डिसेंबर १८६२ ला ब्रॅगने रोझक्रॅन्सच्या फौजेची उजवी बाजू मोडली आणि विजयाची तार दक्षिणेच्या राजधानीला, रिचमंडला धाडली. ३ जानेवारीच्या रात्री तोच माघारी निघाला होता. त्या काळात, फ्रेडरिक्सबर्गच्या दारुण पराभवानंतर, उत्तरेला ती माघार किती हवी होती हे लिंकनने नंतर रोझक्रॅन्सला आभार मानत कळवलं. इथे ‘उत्तरेचा विजय’ म्हणायला पुढच्या दोन वर्षांचा आधार घ्यावा लागत नाही.

याच कसोटीवर अँटीटमची मोहीम उत्तरेची, यात मला शंका नाही. पण त्याचं श्रेय मॅक्लेलनला अख्खं देऊ नये. वीस हजारांहून जास्त ताजी माणसं त्याने त्या दिवशी जवळपास वापरलीच नाहीत, दुसऱ्या दिवशी नदीला पाठ टेकून उभ्या असलेल्या लीला हात लावला नाही, आणि नंतर सहा आठवडे पाठलागाची चालढकल केली. लीला अडवणं त्याला जमलं, संपवणं जमलं असतं तरी केलं नाही. लिंकनला हा फरक स्वच्छ दिसत होता. त्याच लढाईच्या बळावर त्याने जाहीरनामा काढला, आणि त्याच लढाईच्या सेनापतीला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी पाठवलं.