पद्मिनीचं पासिंग : पार्श्वभूमी

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी मोटार 30 ऑक्टोबर 2023 ला टॅक्सी म्हणून बाद झाली. ब्रेक लागत नव्हते किंवा पत्रा सडला होता म्हणून नव्हे. टॅक्सीला घालून दिलेली 20 वर्षं भरली म्हणून. त्या आठवड्यात हळहळ भरपूर छापून आली. जुनी गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही हे आपल्याकडे कशावरून ठरतं, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. गेल्या पंचवीस वर्षांतले निर्णय लागोपाठ वाचले तर उत्तर बहुतेकदा एकच मिळतं: गाडीच्या जन्मतारखेवरून.

1939 चा कायदा जाऊन 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि आजची व्यवस्था त्यावर उभी आहे. त्यात टॅक्सी, रिक्षा, बस, ट्रक यांना ठरावीक मुदतीने फिटनेस दाखला घ्यावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी थेट 15 वर्षांची, त्यापुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या निमित्ताने काय होईल ती तपासणी. त्यामुळे कुर्ल्याच्या एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात निघालेल्या दोन पद्मिनींपैकी टॅक्सी झालेली वर्षा-दोन वर्षांनी निरीक्षकासमोर उभी राहायची, आणि डॉक्टरांच्या दारातली पंधरा वर्षं कुणी वाकून पाहायचं नाही. या गाडीत काय बिघडतं याचं ज्ञान गॅरेजवाल्यांना मिळालं ते टॅक्सीवाल्यांकडून, ते यामुळेच.

गाडीची ओळख करून द्यायची गरज नाही. 1964 ची फियाट 1100 डिलाइट, 1974 पासून पद्मिनी हे नाव, कॉलम गिअर, 1089 सीसी हे सगळ्यांना पाठ आहे. तपासणीच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ब्रेकची एकच लाइन (चारही चाकांना तेल नेणारी सामाईक नळी), पुढे किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती खीळ), आणि वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नसलेली पत्र्याचीच बॉडी. दोष निघतात ते याच चार ठिकाणी.

स्टिअरिंगपासून सुरुवात करू. केंद्रीय नियमांनुसार स्टिअरिंग व्हीलचा मोकळा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. घड्याळात काटा बारावरून एकवर जातो तेवढं हे अंतर आहे, म्हणजे सवलत भरपूरच आहे, पण दुर्लक्षित पद्मिनी तीही ओलांडते. झीज एका जागी नसते. थोडी स्टिअरिंग बॉक्समध्ये, थोडी टायरॉड एंडला (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याला), थोडी किंगपिनच्या बुशमध्ये, आणि सगळी मिळून हातात येते. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं की किंगपिनची खडखड ऐकू येते. पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या तपासणीच्या, आदल्या दिवशी ग्रीसगनने निपलमधून ठासून ग्रीस भरलं की ही खडखड काही दिवस दबते. दोष तसाच राहतो, गाडी मात्र पास होते.

ब्रेकचं दुखणं अधिक गंभीर. एकच लाइन असल्यामुळे कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक लावणारा चाकातला भाग) गळला तरी पेडल तळाला जातं आणि चारही चाकं हातची जातात. त्याची सूचना आधी मिळते. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो, किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. पण ते बघायला खाली वाकावं लागतं. अंगणात दोन फेऱ्या मारून घेतलेल्या चाचणीत ते कळेलच असं नाही.

गंज ही मुंबईच्या हवेची देणगी. जीपमध्ये खालची चेसिस शाबूत असेल तर वरचा पत्रा गेला तरी गाडी तगते. पद्मिनीत तळाचा पत्रा आणि दाराखालची सिलच भार पेलते. रबरी मॅट उचलली की पाय ठेवायच्या जागी भोक, मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ पापुद्रे, आणि दार उघडल्यावर किंचित खाली बसून पुन्हा न लागणं, अशा क्रमाने गंज बाहेर येतो. टिंकरिंगवाला वर पत्र्याचा तुकडा जोडतो, लांबी (पुटी) भरतो, काळा अंडरकोट मारतो. खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिल्याशिवाय हे काम उघडं पडत नाही. आरटीओत अनेकदा सर्वांत बारकाईने पाहिला जातो तो ठोकलेला चेसिस नंबर. त्यावरचा रंग खरवडायचा, पांढरा कागद धरायचा, पेन्सिल घासून ठसा घ्यायचा आणि अर्जाला जोडायचा. गाडी चोरीची नाही हे यातून कळतं, आणि ते आवश्यकच आहे. ती थांबेल की नाही हे कळत नाही.

धुराकडे मात्र यंत्रणेचं लक्ष पहिल्यापासून होतं. जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के, आणि पीयूसीची (धुराच्या दाखल्याची) मुदत सहा महिने. कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा फिरवून मिश्रण पातळ केलं की आकडा खाली येतो. पिस्टन रिंग गेलेल्या इंजिनाचा निळा धूर त्याने जात नाही. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं, तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटला (झडपा टेकतात त्या कडांना) शिशामुळे मिळणारं संरक्षण गेलं. आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा फुगण्याच्या तक्रारी आहेत. गळणारी पेट्रोलची नळी ही माझ्या मते पीयूसीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठी धोक्याची बाब आहे.

शतक बदलताना मुंबईच्या धुराविरुद्धच्या याचिकेवर न्यायालयाने जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे ढकललं. डिकीत सिलिंडर आला, मागच्या पाट्यांवर कायमचा भार आला, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) आली. निर्णय हवेसाठी योग्यच होता. त्यामागोमाग वयाची मर्यादा आली, आधी 25 वर्षं आणि 2013 पासून 20. इथून तपासणीला दुय्यम स्थान मिळालं. विसाव्या वर्षानंतर टॅक्सी कितीही नीट राखलेली असो, तिची परीक्षाच घ्यायची नाही असं ठरलं. टॅक्सीवाल्यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की ठाम वयोमर्यादा नसती तर निरीक्षणाच्या नावाखाली काय काय पास झालं असतं याचा अंदाज त्यांच्यातल्या जाणत्यांनाही होता.

खरा वादाचा निर्णय जुलै 2021 चा. जुन्या गाड्यांसाठी केंद्राने पहिल्यांदाच स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, बिगर-व्यावसायिक दुचाकी किंवा मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदल्यास ‘व्हीए’ अक्षरांची मालिका. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. हौशी मंडळींनी स्वागत केलं आणि ते स्वाभाविक होतं. भंगार धोरणाची चर्चा ऐन भरात असताना वारसा म्हणून गाडी वाचवायचा कायदेशीर मार्ग मिळाला.

गुंता व्याख्येत आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा; मोठ्या फेरबदलात चेसिस, बॉडी शेल (पत्र्याचा मूळ ढाचा) किंवा इंजिन यांतला बदल येतो. शिडीसारख्या चेसिसवर बांधलेल्या 1930 च्या गाडीला हे सरळ लागू होतं. पण फियाट 1100 मध्ये बॉडी शेल हीच चेसिस. सडलेली सिल कापून नवा पत्रा जोडणं ही सुरक्षेसाठी करावीच लागणारी दुरुस्ती आहे, की शेलमधला बदल? अर्ज तपासणाऱ्या समितीने कडक अर्थ लावला तर सडका पण मूळ पत्रा असलेली गाडी पात्र आणि नीट वेल्डिंग केलेली संशयास्पद. सौम्य अर्थ लावला तर तोच दरवाजा नव्या पत्र्यावर जुनी नंबरप्लेट लावणाऱ्यांनाही उघडा. पुढे डिस्क ब्रेक बसवले, किंवा एका लाइनऐवजी दोन लाइनचा मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा ब्रेकचा मुख्य पंप) घातला, तर ते वरच्या तीन शब्दांत बसत नाही, पण ‘मूळ स्वरूप’ या अटीला बाध आणतं का? नियम गप्प आहे. ही समिती राज्य पातळीवरची, म्हणजे उत्तरही राज्यागणिक वेगळं निघू शकतं. मला यातली मूळ चूक ही वाटते की गाडी किती खरी आहे आणि गाडी किती धड आहे हे दोन प्रश्न एकाच टेबलावर ठेवले गेले, आणि पहिल्यालाच जास्त गुण दिले.

बाहेर हे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवलेले दिसतात. जर्मनीत 30 वर्षांनी ऐतिहासिक गाडीची ‘एच’ नंबरप्लेट मिळते, पण नियमित तांत्रिक तपासणी सुटत नाही. ब्रिटनने मे 2018 पासून 40 वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक चाचणीतून मोकळं केलं; मागच्या 30 वर्षांत मोठे बदल केलेल्या गाडीला मात्र ती सूट नाही. जुनी गाडी ठेवणारे ती जपतातच, हा तिथला तर्क. आपल्याकडे घरोघरी ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या फियाट पाहता तो तर्क इथे आणायची घाई नको.

पन्नासचा आकडा पद्मिनीच्या फार उशिरा कामाला येतो. डिलाइट 2021 मध्येच पात्र होऊ लागल्या होत्या, पहिल्या पद्मिनी 2024 पासून. सर्वाधिक संख्येने उरलेल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या मधल्या पट्ट्यात अडकल्या आहेत. कायद्याच्या लेखी त्या वारसा नाहीत, नुसत्या जुन्या आहेत. एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी ते 10,000 केलं गेलं. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम 2021 मध्येच आले. रोलरवर ब्रेक मोजणारी ही केंद्रं डोळ्यांनी घेतलेल्या परीक्षेपेक्षा निःसंशय बरी आहेत. पण ती सक्तीची करण्याच्या तारखा पुढे सरकत राहिल्या आणि भर व्यावसायिक वाहनांवर राहिला.

म्हणून 1985 सालच्या खासगी पद्मिनीच्या मालकासाठी आजचा हिशेब असा: दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे 10,000, वर कर, दर सहा महिन्यांनी पीयूसी, विमा, आणि ‘व्हिंटेज’चा अर्ज 2035 च्या आधी नाही. तोवर किंगपिन, व्हील सिलिंडर आणि सिलचा पत्रा यांची तपासणी त्याने स्वतःच्या मेकॅनिककडून करून घ्यायची, कारण नूतनीकरणाच्या दिवशी ती होईलच याची खात्री नाही.