वर्षभरात बारा अभिजात पुस्तके : या हौसेची पूर्वपीठिका

जानेवारीत बारा अभिजात पुस्तकांचा संकल्प सोडायचा, प्रत्येक पुस्तक वेगळ्या गटातले घ्यायचे (एकोणिसाव्या शतकातले, अनुवादित, एखाद्या लेखिकेचे, एखादे नाटक) आणि ३१ डिसेंबरच्या आत सगळी हातावेगळी करायची. हा खेळ इंटरनेटमुळे फोफावला, पण त्याची मुळे दीडशे वर्षांच्या आसपास जुनी आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या शटाक्वा सरोवराकाठी १८७४ पासून उन्हाळी शिबिरे भरत. तिथल्या जॉन व्हिन्सेंट या धर्मोपदेशकाने १८७८ च्या ऑगस्टमध्ये घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम जाहीर केला. कॉलेजची पायरी न चढलेल्यांसाठी ही सोय होती आणि पहिल्याच तुकडीत आठ हजारांवर लोकांनी नावे घातली. १८८२ मध्ये ज्यांनी वाचन पुरे केले, त्यांना वाजतगाजत ‘सोनेरी दरवाजा’तून नेण्यात आले. पुढे प्रत्येक तुकडीला स्वतःचे नाव, बोधवाक्य आणि निशाणही मिळू लागले. वाचायचे एकट्याने, मान मात्र चारचौघांत. आजच्या आव्हानांचे निम्मे यश यातच आहे, असे मला वाटते. व्हिन्सेंटच्या अभ्यासक्रमातून उभे राहिलेले हे वाचनमंडळ अजून चालू आहे.

इंग्लंडमध्ये वाद पेटला तो यादीवरून. बँकर, खासदार आणि निसर्ग-अभ्यासक सर जॉन लबक यांनी १८८६ मध्ये लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात वाचनावर व्याख्यान दिले आणि त्यातून शंभर पुस्तकांची प्रसिद्ध यादी निघाली. तीत कुराण होते; रामायण-महाभारतही होते, पण संक्षेपाने. लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या वृत्तपत्राने त्यावर नामवंतांची मते मागवली. कलासमीक्षक जॉन रस्किनने यादीतली नावे सरळ खोडून काढली, तर लेखक ऑस्कर वाइल्डने कोणती पुस्तके अजिबात वाचू नयेत तेच सांगितले.

वर्षाच्या कॅलेंडरला अभिजात पुस्तके पक्की बांधली गेली ती हार्वर्डमुळे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट म्हणत की पाच फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढी पुस्तके रोज पंधरा मिनिटे वाचली, तरी माणूस सुशिक्षित होईल. कॉलियर प्रकाशनाने हे वाक्य उचलले आणि १९०९ पासून ‘हार्वर्ड क्लासिक्स’चे खंड बाजारात आणले. पुढे संचासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत १ जानेवारीपासून वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा उतारा नेमून दिला होता. गुरुचरित्राच्या सप्ताहात पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत अशी वाटणी असते, तसाच हा प्रकार. फक्त इथे उतारे सलग नव्हते. आज बेंजामिन फ्रँकलिन, तर उद्या भलताच कोणी. पंचेचाळिसाव्या खंडात एडविन आर्नल्डच्या अनुवादातली भगवद्गीताही होती. कादंबऱ्या मात्र मोजक्याच. त्यांच्यासाठी १९१७ मध्ये वेगळी वीस खंडांची फळी काढावी लागली. अशा तुकड्या-तुकड्यांनी वाचून कोणाला किती चढले असेल, याची मला शंकाच आहे.

१९५२ मध्ये ज्ञानकोशासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिटानिकाने ‘ग्रेट बुक्स’ या अभिजात ग्रंथांच्या संचाचे ५४ खंड काढले. त्यांचा वाचनक्रम थेट दहा वर्षांचा! दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी ते खपवले आणि पुष्कळ घरांत ते दिवाणखान्याची शोभा वाढवत बसले.

२००७ मध्ये निघालेल्या गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ पासून वार्षिक वाचन-आव्हान सुरू केले. त्यात यादीच नाही. आकडा आपला आपण ठरवायचा. अभिजात साहित्याच्या चाहत्यांना नुसता आकडा पुरेसा वाटला नाही, म्हणून त्यांनी गट पाडले आणि पुस्तक किमान पन्नास वर्षे जुने हवे, असले नियम घातले. पुस्तक निवडण्याचा हक्क मात्र वाचकाकडेच राहिला. लबक-एलियटांच्या काळी तो कोणी वाचकाला दिला नव्हता. या मोकळिकीचा फायदाही लोक उठवतात. एक पुस्तक दोन गटांत मोजायचे नाही, असा नियम असला की वर्षाच्या सुरुवातीला जाडजूड रशियन कादंबरी हाती घेतलेला वाचक डिसेंबरात शंभर पानांच्या आतले काही मिळते का, ते शोधू लागतो.