स्क्वॉलर

दारिद्र्य, दाटीवाटी आणि वर्षानुवर्षांची हेळसांड यांमुळे घराला किंवा वस्तीला येणारी गलिच्छ अवस्था दाखवणारा इंग्रजी शब्द. विशेषण ‘स्क्वॉलिड’. मराठीत सर्वांत जवळचा शब्द बकालपणा. नुसत्या ‘घाण’ या शब्दात हेळसांडीचा भाग येत नाही. नैतिक अधःपतनासाठीही ‘स्क्वॉलर’ लाक्षणिक अर्थाने वापरतात.

शब्द लॅटिन आहे. ‘स्क्वालेरे’ म्हणजे खरखरीत, रखरखीत असणे, मळाने माखणे. रोममध्ये सुतक पाळणारा किंवा खटल्यात अडकलेला माणूस दाढी-केस वाढवून, मळके कपडे घालून लोकांसमोर येई. त्या अवतारालाही ‘स्क्वालोर’ म्हणत. कसणारी माणसे लढाईवर नेल्याने ओस पडलेल्या शेतांसाठीही हे क्रियापद आले आहे. इंग्रजीत विशेषण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, नाम सतराव्याच्या आरंभी. ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने समाजाच्या वाटेवरचे पाच राक्षस सांगितले, त्यांत गरजवंती, रोगराई, अज्ञान आणि बेकारी यांच्या पंगतीला स्क्वॉलरला बसवले. त्याचे मुख्य कारण म्हणून अहवालाने उद्योग आणि लोकवस्ती यांच्या अस्ताव्यस्त विभागणीकडे बोट दाखवले.

आपल्याकडे हा शब्द कायद्यातून आला. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा १९७१ चा, कर्नाटकाचा १९७३ चा. वस्ती झोपडपट्टी म्हणून जाहीर करण्याच्या कारणांमध्ये ‘स्क्वॉलिड’ हे विशेषण दोन्हींच्या इंग्रजी मसुद्यांत आहे. १९५६ पासून बेळगाववर भांडणाऱ्या दोन राज्यांचे निदान एवढ्यावर तरी एकमत आहे! बेळगावच्या मराठी माणसाला सरकारी कन्नडात झोपडपट्टीसाठी भेटतो तो शब्द कोळगेरी : कोळे म्हणजे मळ, केरी म्हणजे वस्ती.

शब्द कुठे लावावा, हे सीमाभागात फिरताना नीट कळते. खानापूरकडच्या खेड्यात गोठ्यामागे उकिरडा असतो. शेण, केर, चुलीची राख, जनावरांनी टाकलेली वैरण, सगळे त्यात. वास येतो, माश्या घोंगावतात, कोंबड्या दिवसभर उकरत असतात. पण त्याला धनी आहे; मिरगाच्या आधी तो उपसून खत शेतात जाते. याला स्क्वॉलर म्हणणे चूक, मग शहरी पाहुण्याने नाकाला रुमाल लावला तरी.

बेळगाव शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्याची गोष्ट वेगळी. गाळाने पात्र उथळ होते, वर जलपर्णी माजते, आणि पावसात नाला फुगला की ते पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरते. हा बासमतीसाठी नावाजलेला पट्टा. रोप लावून झालेले असते आणि त्यावर गावभरचा मैला, प्लास्टिक पसरते. पाणी ओसरले की कुजलेले भात उपटून दुबार लावणी करायची, तीही रोप शिल्लक असेल तर. नाल्याचा गाळ काढा, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे.